सरस्वती, गुप्त

आमच्या पणजोबांनी १९०८ साली काशीयात्रा केली. म्हणजे काशी वहीत उतरवून घरी आणली. जन्म कचेरीत गेलेला माणूस. जिची नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही, अशी त्यांची श्रद्धा. आदल्याच वर्षी, १९०७ साली, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी छापून काढला होता. पणजोबांनी तो वाचून शेरा मारला, ‘‘मजकूर ठीक. चित्रं नाहीत.’’ ती उणीव भरून काढायला त्यांनी जाड वही शिवून घेतली, कॉपिंग पेन्सिल आणली आणि पणजीला सांगितलं, ‘‘सामान बांध.’’

कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली केली की अक्षर जांभळं उमटतं. त्यामुळे मनमाडपासून गयेपर्यंत पणजोबांची जीभही जांभळीच होती. भर माघात यांना जांभळं कुठं मिळाली, हा प्रश्न प्रयागच्या तीर्थोपाध्यायाला पडल्याची नोंद आहे.

वहीतलं पहिलं चित्र ट्रंकेच्या कुलपाचं. प्रत्यक्षाएवढं, किल्लीसकट. खाली टीप : ‘हरवल्यास उपयोगी.’ नंतर शेजाऱ्याचा तांब्या, जबलपूरला गाडी बदलताना दोन आणे मागणारा हमाल, आणि एक आणा घेऊन गेलेला तोच हमाल. दुसऱ्या चित्रात त्याचं तोंड लहान आहे.

प्रयागला संगमाचं चित्र काढायचं ठरलं. गंगा पांढरी, यमुना सावळी, हे पणजोबांनी रेघा विरळ-दाट करून साधलं. अडचण आली ती सरस्वतीची. तिथे त्यांनी बोटभर कागद कोरा सोडला आणि खाली लिहिलं : ‘सरस्वती, गुप्त.’ तेवढ्यात कुणाच्या तरी ओल्या धोतराचं पाणी पानावर सांडलं आणि तिन्ही नद्या जांभळ्या होऊन एकमेकींत मिसळल्या. संगम त्यांच्या वहीत खरोखर झाला तो असा.

तीर्थोपाध्यायानेही आपली वही काढली. पिढ्यान् पिढ्यांच्या यजमानांची नावं असलेली, पणजोबांच्या वहीच्या चौपट जाडीची. तीत पणजोबांच्या आजोबांची मोडीतली सही निघाली. पणजोबा गहिवरले. सहीखालीच आजोबांनी कबूल केलेली एक गाय होती, ती द्यायची राहिलेली! आयुष्यभर दुसऱ्यांच्या थकबाकी काढलेल्या माणसाला नोंद नाकारता येईना. ‘गोप्रदान, सव्वा रुपया.’ शेजारी गायीचं चित्र आहे. सव्वा रुपयात बसेल एवढीच, शेळीहून थोडी मोठी.

डफरिन पुलावरून गाडी काशीत शिरताना अख्खा डबा खिडकीशी धावला, गंगेत पैसे पडले, जयजयकार झाला. पणजोबा पुलाचे गाळे मोजत होते. पुढे विश्वनाथ. हे देऊळ १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी बांधलं, शिखरावरचं सोनं रणजितसिंहांचं, हे सगळं वहीत आहे. विश्वनाथ नाही. गाभाऱ्यात रेटारेटी एवढी, की पणजोबांना फक्त पुढच्या माणसाची शेंडी दिसली. ती त्यांनी काढली. गाठ मोठी सुबक आली आहे.

मग गया. तिथे पिंडदान करून आवडीची एक वस्तू सोडायची रीत. पणजोबांनी शेपू सोडला. शेपू त्यांनी जन्मात कधी तोंडात घातला नव्हता. पणजीने सीताफळ सोडलं. ते वहीत नाही. आजीने सांगितलं म्हणून आम्हांला ठाऊक.

वहीतल्या जवळजवळ प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक गाठोडं आहे. लहानपणी मला ते सामानच वाटायचं : ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा आणि गाठोडं. मोठेपणी एकदा दशाश्वमेध घाटाचं पान उजेडात धरलं, तर गाठोड्याला नथ होती. मग मागची सगळी पानं चाळली. मनमाडच्या फलाटावर गाठोडं, संगमावर गाठोडं, विश्वनाथाच्या गल्लीच्या तोंडाशी गाठोडं. पणजोबा चित्र काढत होते तेवढा वेळ कुणीतरी सामान राखायला नको का?

गंगेचे गडू घेऊन मंडळी परतली, मावंदं झालं, आणि पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला वही वाचून दाखवण्याचा कार्यक्रम चालला. पाहुणा जेवायला थांबला तर कुलपापासून, घाईत असला तर प्रयागपासून. वाचन चालू असताना पणजी आत चहा टाकायची. एकदा एका पाहुणीने तिलाच विचारलं, ‘‘काकू, तुम्हांला कशी वाटली हो काशी?’’

पणजीने पदराने हात पुसले.

‘‘काशीत सामान फार चोरीला जातं म्हणतात,’’ ती म्हणाली. ‘‘आमचं नाही गेलं.’’