कॉन्फिगरक्षणाची मालगुंडी पद्धती

टेक्स्ट एडिटर, म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याचे साधन, कसे दिसावे व कसे वागावे हे ज्या फाइलीत नोंदलेले असते, तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. पुण्याची नोकरी मालगुंडच्या वडिलोपार्जित घराच्या माडीवरून करणारा जो वर्ग अलीकडे निर्माण झाला आहे, त्याला या फाइलीची जेवढी काळजी असते तेवढी घराच्या सातबाऱ्याचीही नसते; म्हणून त्याच्या सोयीसाठी पुढील नियम.

नियम पहिला : एडिटरच्या भरवशावर राहू नये. विम हा एडिटर फाइल साठवताना जुनी प्रत क्षणभर बाजूला ठेवतो खरा, परंतु नवी नीट लिहिली गेली की जुनी पुसून टाकतो, आणि ती टिकवायची तर तशी सूचना मुद्दाम द्यावी लागते. ईमॅक्स नावापुढे नागमोडी चिन्ह लावून जुनी प्रत राखतो, पण फाइल उघडल्यानंतरच्या पहिल्या साठवणीलाच. त्यामुळे ज्याने ती गणपतीत उघडली आणि शिमग्यापर्यंत मिटली नाही, त्याची जुनी प्रत गणपतीतलीच राहते.

नियम दुसरा : प्रतींना ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरी फायनल’ अशी नावे देऊ नयेत. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले गिट प्रत्येक बदल तारखेसह नोंदवते, आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी ठरलेले काम उरकणारा संगणकातील गडी, ती नोंद आपोआप करवून घेतो. मात्र त्या वेळी संगणक बंद असल्यास क्रॉन हुकलेले काम मागाहून भरून काढत नाही. सबब वेळ दुपारच्या जेवणानंतरची ठेवावी, कारण तेव्हा यंत्र चालू असते आणि मालक झोपलेला असतो.

नियम तिसरा : फाइलीत पासवर्ड लिहू नये.

नियम चौथा : एक प्रत गावाबाहेर असावी. आषाढात ज्या कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी धरते, त्याच कपाटात ठेवलेल्या पेन ड्राइव्हला खाऱ्या हवेत बॅकअप म्हणणे धाडसाचे आहे.

नियम पाचवा : प्रत परत आणून, एडिटर तिच्यावर चालतो का, हे वर्षातून एकदा तरी पाहावे.

येथवर शास्त्र संपते. व्यवहारात माडीवरच्या माणसाच्या एडिटरमधील पार्श्वभूमीच्या रंगाच्या प्रती तीन ठिकाणी सुखरूप, आणि ज्या कादंबरीसाठी त्याचा हा सारा खटाटोप, तिचे पहिले प्रकरण डेस्कटॉपवर एकटे पडलेले, तेही अर्धे! माणूस गुणी आहे, हात चांगला आहे. पण लिहील तर शपथ. याच गावचे कवी केशवसुत १९०५ साली हुबळीस वारले तेव्हा त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. तो हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली काढला, आणि त्यांना तो काढता आला, कारण कविता लिहिलेल्या होत्या.

नियम सहावा : मजकुराचाही बॅकअप ठेवावा, त्यासाठी आधी मजकूर लिहावा.