झोप नाई आली, म्हंजे पिच्चर बरा

बुटीबोरीत ‘भाऊ’ अशी हाक मारली की निदान सहा जण वळून पाहतात, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटसमोरची चहाटपरी गाठा. दुपारी तीनला पाळी सुटली की बाकाच्या टोकाला तो बसलेला असतोच. चाळिशी ओलांडलेली, आयटीआय झालेला फिटर, वरच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, पायात कंपनीचे सेफ्टी शूज, हातात पन्नीतला खर्रा. खर्रा घोटण्याचा वेग वाढला की समजावं, आता एखाद्या पिच्चरचा निकाल लागतोय.

भाऊ सिनेमाचा शौकीन नव्हे. शौकिनांची जात वेगळी. ती माणसं पहिल्या दिवशीचा पहिला शो धरतात, दिग्दर्शकाला नुसत्या आडनावाने ओळखतात आणि ‘दुसरा भाग जरा रेंगाळलाय’ असं बोलतात. भाऊ सिनेमाकडे जात नाही, सिनेमा त्याच्या वाटेत येतो. हैदराबादच्या ट्रॅव्हल्समध्ये क्लीनरने लावलेला, सासुरवाडीला टीव्हीवर आधीपासून चालू असलेला, नाहीतर रात्रपाळीत मशीन कुरकुर न करता चालली असताना डब्याला टेकवलेल्या मोबाइलवरचा. त्यामुळे बहुतेक सिनेमांची सुरुवात त्याने पाहिलेली नाही आणि निम्म्यांचा शेवट. ‘सूर्यवंशम’ तेवढा पूर्ण झालाय, तोही हप्त्याहप्त्याने. १९९९चा हा सिनेमा सेट मॅक्सवर इतक्या वेळा लागला की एका दिवाळीत विषारी खीर, पुढच्या उन्हाळ्यात हीरा ठाकूरची बस, मधल्या कुणाच्या बारशाला गाणी, असे सुटे भाग जमवून भाऊने तो घरच्या घरी जोडला. ‘‘हिरोनं बस घेतली अन् मंग कंपनी काढली. खरा माणूस हाय,’’ असा निकाल. ज्याचा दिवस कंपनीच्या बसवर उगवतो आणि मावळतो, त्याला बसमालकाचा मोठेपणा पटला तर नवल नाही.

थिएटरचं म्हणाल तर तिथे हिशेब आडवा येतो. नागपूर इथून तीसेक किलोमीटर. मेट्रो खापरीला येऊन थांबलेली, बुटीबोरीला ती दुसऱ्या टप्प्यात यायची. म्हणजे मोटरसायकल, बायको, दोन पोरं आणि वर्धा रोडचे ट्रक. एवढं करून पोचल्यावर पॉपकॉर्नचा भाव ऐकला की भाऊला इंटरव्हलच नको वाटतो. २३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय चित्रपट दिनाचं तिकीट ७५ रुपये होतं, त्या दिवशी त्याने ‘ब्रह्मास्त्र’ पाहिला. कसा होता, विचारलं तर म्हणाला, ‘‘पंच्याहत्तरचा होता सर. वर एक रुपया नाई.’’

उन्हाळ्यातली त्याची मतं मात्र थोडी वजा करून घ्यावीत. बाहेर पंचेचाळीस अंश, घरचा कूलर दमट वारा फेकतोय आणि थिएटरात एसी, अशा वेळी पडद्यावर काय चाललंय याला फार महत्त्व उरत नाही. मृगाचा पत्ता नसलेल्या जूनमध्ये पाहिलेल्या ‘हमशकल्स’लाही भाऊने ‘‘थंडा होता’’ असं प्रमाणपत्र दिलं होतं. त्या सिनेमाला दुसरीकडून कुठून प्रमाणपत्र मिळाल्याचं ऐकिवात नाही.

समीक्षक तारे देतात. भाऊची कसोटी एकच, झोप. रात्रभर उभं राहून सकाळी सातला सुटलेल्या माणसाला जो सिनेमा जागं ठेवतो, तो चांगला. ‘‘बाकी सारं फोकनाड,’’ भाऊ म्हणतो. एकदा मी मुद्दाम ‘केजीएफ’चं नाव काढलं. त्यात झोप लागणं शक्यच नाही, हे त्याने कबूल केलं, पण सिनेमा काही पास केला नाही. ‘‘आवाजानं जागा रायलो मी. आवं, कंपनीच्या भोंग्यानं बी जाग येते, म्हून भोंगा काय पिच्चर हाय काय?’’ ‘पुष्पा’चा दुसरा भाग सव्वातीन तासांच्या वर. त्यात भाऊ दोनदा झोपला आणि दोन्ही वेळा उठला तेव्हा मारामारीच चालली होती. ‘‘काई सुटलं नाई,’’ हा त्याचा समाधानाचा उद्गार. पहिला भाग त्याला आवडतो, त्याचं कारण निराळं. त्यात मजुरीवर आलेला पुष्पा मालकासमोर पायावर पाय टाकून बसतो आणि उठत नाही. ‘‘मले बी एकडाव तसं बसायचं हाय,’’ भाऊ म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून, ‘‘रिटायर होईन त्या दिवशी.’’

इथे भाऊची खरी नजर कळते. हिरो-हिरॉइन त्याला दिसतात, पण दुसऱ्या नंबरावर. आधी त्याला दिसतं ते काम. कोण करतंय, कोणाच्या भरवशावर, परमनंट की ठेक्यावर.

‘शोले’ घ्या. १९७५पासून या देशात त्यावर बोलून झालेलं नाही असं काही उरलेलं नसेल, असं मला वाटत होतं. भाऊचं म्हणणं असं, की हा सिनेमा ठेकेदारी पद्धतीचा आहे. ‘‘ठाकूर परमनंट माणूस. गावात त्याची हवेली हाय. त्यानं दोन पोट्टे जेलातून ठेक्यावर आणले. पीएफ नाई, ईएसआय नाई, हेल्मेट त नाईच नाई. शेवटी मरते कोण? ठेक्यावरचा जय. आन् गब्बरले तुडवाचा मान कोणाले? ठाकूरले.’’ मी त्याला सांगितलं, की मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारूनच टाकतो, पण सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस आणावे लागले. भाऊने खर्रा तोंडात टाकला, थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, ‘‘बराबर हाय. सेफ्टी ऑफिसर अॅक्सिडेंट झाल्यावरच येते.’’

‘बाहुबली’ने २०१५ ते २०१७ सगळ्या देशाला एका प्रश्नावर टांगून ठेवलं. भाऊ अजिबात टांगला गेला नाही. कट्टप्पाने बाहुबलीला का मारलं? ‘‘वरून ऑर्डर आली असन. जुना माणूस हाय तो. जुना माणूस इचारत नाई.’’ दोन वर्षांनी उत्तर आलं ते साधारण हेच. राजमौलींना जे सांगायला दुसरा सिनेमा लागला, ते या टपरीवर अर्ध्या कटिंगमध्ये निकालात निघालं होतं.

‘थ्री इडियट्स’ नागपूरच्या माणसाचा, म्हणून त्याला तो घरचा वाटतो. राजकुमार हिरानींच्या वडिलांची नागपुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, हे भाऊ दरवेळी नव्याने सांगतो. पण गाडीच्या बॅटऱ्या इन्व्हर्टरला जोडून, व्हॅक्यूम क्लीनर लावून केलेलं ते बाळंतपण पाहून फिटरच्या पोटात दुखतं. ‘‘सक्शन किती, काई माईत नाई. प्रेशर गेज नाई. आन् लावून रायले पोराच्या डोक्याले! आमच्या इथं इतकं केलं असतं त मेमो भेटला असता.’’ फरहान इंजिनिअरिंग सोडून फोटोग्राफर होतो, त्यावर मात्र तो काही बोलत नाही. त्याचा मोठा मुलगा यंदा बारावीला आहे.

एकदा बाकावर पुण्याहून आलेला एक ट्रेनी इंजिनिअर होता. विषय ‘तुंबाड’चा. २०१८ला आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ला पुन्हा लावला तेव्हा गर्दी झाली, वगैरे तो पोऱ्या सांगत होता. मग म्हणाला, ‘‘भाऊ, सिनेमॅटोग्राफी बघा ना! खऱ्या पावसात शूट केलंय, चार पावसाळे लागले.’’

‘‘पायला ना पाऊस. लय पडला,’’ भाऊ म्हणाला. ‘‘थोडा इकडं पाठवाले पायजे होता, सोयाबीनले.’’

‘‘पण आवडला का?’’

‘‘त्यातली म्हातारी पायली आन् आठ दिवस झोप नाई. ड्यूटीवर बी नाई, घरी बी नाई.’’

भाऊच्या नियमाने ‘तुंबाड’ हा भारतातला पहिल्या क्रमांकाचा सिनेमा ठरतो. पोऱ्याला हे कौतुक आहे की तक्रार, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

‘टायटॅनिक’वर मात्र भाऊ गंभीर होतो. सगळ्या जगाला त्यातलं जहाजाचं टोक आठवतं, पसरलेले हात आठवतात. भाऊने फिटर होण्याआधी काही वर्षं एका बॉयलरवर हेल्परकी केली आहे. त्याला आठवतात ते तळाशी कोळसा टाकणारे उघडेबंब मजूर. हिमनग घासला की पाणी आधी त्यांच्याकडे शिरतं आणि वरून दरवाजे खाली येऊ लागतात. काही जण सरपटत निसटतात, काही आतच राहतात. ‘‘ते दरवाजे आपोआप लागत नाई सर. वरून बटण दाबते कोणीतरी. दाबाच लागते, नाईतर अख्खं जहाज जाते. पण खाली माणसं हायेत, हे दाबणाऱ्याले माईत असते ना?’’ त्याची बायको जॅकसाठी रडली. भाऊचा जीव बॉयलर रूममध्येच अडकून पडला, पुढची प्रेमकहाणी त्याने पाहिली पण त्याला आठवत नाही. मला विचाराल तर कॅमेरॉनच्या सिनेमावर मी वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा हे मत वजनदार आहे.

‘सैराट’चं तसंच. गाण्यांनी वेडावलेल्या २०१६च्या उन्हाळ्यात, शंभर कोटींची चर्चा चालली असताना, भाऊ म्हणत होता की पहिला भाग लग्नाच्या कॅसेटसारखा आहे, पिच्चर पुढे सुरू होतो. हैदराबादेत. ‘‘पाटलाची पोरगी बाटल्यांच्या कंपनीत कामाले लागते. ते तिचं पहिल्या दिवशीचं तोंड पायलं काय? आमच्या गेटवर असे तोंडं रोज दिसते मले.’’ बुटीबोरीत बिहार, छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेली माणसं भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांतल्या नव्या जोडप्यांकडे भाऊ जरा निराळ्या नजरेने पाहतो, चौकशा करत नाही. समोरच्या चव्वेचाळीस नंबरच्या हायवेकडे हनुवटी उडवून म्हणतो, ‘‘हाच रोड सरळ हैदराबादले जाते.’’ शेवटाबद्दल त्याने कधी एक शब्द काढलेला नाही.

नागराज मंजुळेंच्याच ‘झुंड’बद्दल मात्र तोंड बंद होत नाही. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यांच्यावर अमिताभ नागपुरात येऊन सिनेमा करून गेला, यात भाऊचा स्वतःचा वाटा असल्यासारखा तो बोलतो. गर्दीच्या एका दृश्यात तिसऱ्या रांगेत त्याच्या साळ्याचा मित्र आहे. हा मित्र मला चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेगवेगळ्या रांगांत दाखवलाय. अंकुश गेडम आणि बाकीची पोरं नागपुरी बोलतात तेव्हा भाऊ अमिताभकडे बघतही नाही. एकच आक्षेप: ‘‘ऊन कमी पडलं. नागपुरात एवढं पळल्यावर माणूस तांब्याभर पाणी मागते.’’

बाकीचे निकाल झटपट. ‘दिलवाले दुल्हनिया’तलं शेवटचं स्टेशन पंजाबातलं नसून रायगड जिल्ह्यातलं आपटा आहे, हे सांगितल्यावर त्याला जराही धक्का बसला नाही. ‘‘तरीच. गाडी एवढी हळू महाराष्ट्रातच सुटते.’’ विद्या बालनचा ‘शेरनी’ (इकडे बोर आणि उमरेड-कऱ्हांडल्याचे वाघ उशाशी, त्यामुळे विषय नाजूक): ‘‘वाघीण कमी, मीटिंगा जास्त. म्हून खरा हाय.’’ ‘बाईपण भारी देवा’ त्याने थिएटराबाहेरच्या पार्किंगमधून पाहिला. बायको भिशीच्या बायकांबरोबर आत होती. शो सुटल्यावर बायका डोळे पुसत आणि हसत बाहेर आल्या, घरी जाताना मागच्या सीटवरून कोणी काही बोललं नाही, आणि रात्री भाऊला जेवण वाढलं ते मुलाने. ‘‘भारी असन,’’ एवढंच तो म्हणतो.

मला सगळ्यात चकित केलं ते ‘कोर्ट’ने. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळवलेला, कॅमेरा जागचा हलत नाही, तारखांवर तारखा पडतात. भाऊला कुणीतरी पेनड्राइव्हमध्ये भलत्याच सिनेमाऐवजी दिला असणार. रात्रपाळीनंतर पाहिला म्हणाला, तेव्हा मी निकाल धरूनच चाललो होतो.

‘‘यात काईच होत नाई,’’ भाऊ म्हणाला.

‘‘मग झोपला असाल.’’

‘‘कायले झोपतो? मी कामगार कोर्टात सात वर्षं गेलो हाय. तिथं बी काईच होत नाई. सारं बराबर दाखवलं. पंखा, फायली, वकिलाची घाई.’’ मग त्याने पन्नी झटकली. ‘‘शेवटी सुट्टीवर गेलेला जज बाकड्यावर झोपते, पायलं ना? म्या पिच्चर पायला जागून, आन् झोपला तो.’’

एखाद्या सिनेमाबद्दल भाऊचं मत हवं असेल तर त्याची पाळी विचारून या. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो मोकळा असतो, दुसऱ्या पाळीला भेटत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात भेटतो, पण तेव्हा विचारू नका. त्या आठवड्यात सगळेच सिनेमे वाईट असतात.