आपण कोण?

वेब सर्व्हर जन्मजात विसरभोळा. एचटीटीपीची घडणच तशी आहे: प्रत्येक विनंती नवी, मागचे काही लक्षात ठेवायचे नाही. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा उतारा काढला. सर्व्हरने ब्राउझरला एक चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती दर खेपेला दाखवायची. सेशनच्या चिठ्ठीवर नुसता क्रमांक. तुमची कुंडली सर्व्हरच्या दप्तरात.

एक दप्तर होते तोवर संसार बरा चालला. मग गर्दी वाढली, साहेबांनी दुसरा सर्व्हर घेतला आणि दारात लोड बॅलन्सर बसवला. तो येणाऱ्याला आळीपाळीने इकडे-तिकडे धाडतो. पहिल्याने दिलेली चिठ्ठी दुसऱ्यापुढे धरली, की तो तुमच्याकडे भलत्याच मांडवात शिरलेल्या वऱ्हाड्यासारखा बघतो. लॉगिन झाले, बापजाद्यांच्या माहितीसकट अर्ज भरला, ‘पुढे’ दाबले. ‘आपले सेशन संपले आहे.’

बैठक बसली. पहिला ठराव नेहमीचा: लोकांना कॅश साफ करायला सांगा. म्हणजे दोष तुमच्या ब्राउझरचा. दुसरा ठराव, रीस्टार्ट. सेशन नुसते मेमरीत असल्याने आत होते तेवढे सगळेच बाहेर फेकले गेले. तोवर काहींचीच गैरसोय होत होती, आता सर्वांची झाली. समाजवाद इतक्या झटपट दुसरीकडे कुठे आल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा ठराव साहेबांचा स्वतःचा: टाइमआउट वाढवा. टॉमकॅटमध्ये तो मुळात 30 मिनिटे असतो. पीएचपीत 1440 सेकंद उलटले की सेशन कचऱ्यात जायला पात्र ठरते. साहेबांनी आठ तास केले. सेशन हरवत होते, त्याचे आयुष्य वाढवले! केव्हाच घरी जाऊन जेवून झोपलेल्यांची दप्तरे मेमरीत साठत गेली आणि एका संध्याकाळी सर्व्हरने मान टाकली.

शेवटी एका नवख्या पोरीने दोन्हीकडचे लॉग शेजारी ठेवले. एकाने दिलेला क्रमांक दुसऱ्याला ठाऊकच नव्हता. “सेशन रेडिससारख्या सामाईक जागी ठेवू या, सर. निदान स्टिकी सेशन तरी लावा, आलेला माणूस त्याच सर्व्हरकडे जाईल.”

“मग टेस्टिंगमध्ये कसं नाही सापडलं?”

“टेस्टिंगला सर्व्हर एकच आहे, सर.”

इतिवृत्तात ‘नेटवर्कची तात्पुरती अडचण’ अशी नोंद झाली. टाइमआउट आता बारा तासांचा आहे.