फिरतीवरची पुस्तकं

राजोडीला शनिवार-रविवारी माणसं समुद्र बघायला येतात आणि सुरूच्या बनात वेफर्सची पाकिटं टाकून जातात. त्याच रस्त्यानं सायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून एखादे गृहस्थ चाललेले दिसले, तर ते बाजारहाट करून येताहेत असं समजू नये. पिशवीत 'किशोर'चे जुने अंक असतात, फास्टर फेणे असतो आणि तळाशी बायकोनं सांगितलेली अंडी असतात, बहुधा फुटलेली. हा पुस्तककाका. गाव त्याला समाजसेवक म्हणतं, आणि गावाचं इथेच चुकतं. पुस्तककाका हा पक्का स्वार्थी माणूस आहे. त्याच्या वयाची मंडळी साखर, गुडघे आणि जागेचे भाव यांपलीकडे बोलत नाहीत. फास्टर फेणे एखाद्या संकटातून कसा सुटला यावर तासभर काथ्याकूट करायला दहा वर्षांचं पोरच लागतं. म्हणून तो पोरं हेरतो. संस्कारासाठी पुस्तकं वाटणारा माणूस 'काय बोध घेतलास?' असं विचारतो. हा विचारतो, 'कुठवर आलास?' आणि पोरगं मागेच रेंगाळलेलं निघालं की पुढचं सांगून टाकायचा मोह आवरताना त्याचाच जीव कासावीस होतो. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला, वर ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. एवढा उद्योग निव्वळ कर्तव्यबुद्धीनं होत नाही. त्यांनाही मजा येत असणार.

आता आक्षेप. पोरं इंग्रजी शाळेत जातात, जोडाक्षर आलं की धापा टाकतात. त्यांना मराठी पुस्तक देऊन उपयोग काय? पण त्यावर उपाय आहे आणि तो याच जिल्ह्यात जुना आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे ते काम कोसबाडला गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर नेली. पोराला पुस्तकापाशी ओढण्यापेक्षा पुस्तक पोरापाशी नेणं सोपं, हे काकाला कोणी शिकवलेलं नाही, पण तो करतो तेच. ओट्यावर बसतो, मोठ्यानं वाचतो, राक्षसाचा आवाज काढता काढता खोकतो. जोडाक्षरं त्याची, गोष्ट पोरांची. मोबाइलचा आक्षेप मात्र खरा आहे. मोबाइलपुढे काका आठवड्यातून पाच दिवस हरतो. उरलेल्या दोन दिवसांतला एक वीज गेल्याचा असतो, हेही मान्य.

पुस्तकं परत येत नाहीत, ही घरच्यांची तक्रार. आली तरी पानांत वाळू, मुखपृष्ठावर कालवणाचा डाग. काकाची एक लांबट वही आहे. तिच्यात 'हरवले' असा रकानाच नाही. न आलेल्या पुस्तकापुढे सरकारी थाटात 'फिरतीवर' असं लिहिलेलं असतं. त्याची खरी गंमत पुष्कळ वर्षांनी कळते. विरार लोकलला लोंबकळून टक्कल पडू लागलेला एखादा बाप मुलीला घेऊन ओट्याशी येतो आणि विचारतो, "काका, तो फास्टर फेणे आहे का हो? हिला द्यायचाय." काका चष्मा पुसतो, वही काढतो, पानं मागे उलटत नेतो आणि बापाच्याच नावावर बोट ठेवतो.