एक जुलैवाले

नातू दोन दिवस उशिरा जन्मला, हे आम्हाला तो साडेचार वर्षांचा झाल्यावर कळलं.

डॅलसहून मुलाचा फोन आला तेव्हा आरमोरीत सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी दात घासत होतो. "बाबा, इथे किंडरगार्टनला १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. याची तारीख ३ सप्टेंबर." मी चूळ भरली आणि हसलो. दोन दिवस! छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेल्या, त्यातली चौदा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढलेल्या माणसाला कोणी दोन दिवसांची अडचण सांगावी? वडशाच्या नाटक कंपनीच्या मालकाला 'आज रात्रभर जागावं लागेल हं' असं बजावण्यासारखंच हे.

"एक बोनाफाईड पाठवतो," मी म्हणालो. "गोल शिक्क्याचं."

"बाबा, हात जोडतो. काहीही पाठवू नका."

निवृत्त माणसाचा अपमान नेहमी असा काळजीच्या सुरात होतो.

आता त्याला काय सांगू, की एक जुलैवाले ही आपल्याकडची सर्वांत मोठी पोटजात आहे! मी १ जुलैचा. बायको १ जुलैची. माझे दोन्ही भाऊ १ जुलैचे, तीन-तीन वर्षांच्या अंतराने. रोवणीच्या आत मोकळं व्हायचं असा आईने जणू नेमच धरला होता. जूनअखेर गुरुजी टोल्यावर यायचे, पोरगा अंगणात उभा करायचे आणि म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर." कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. तारीख १ जुलै, सालातून सहा वजा. माझे कान जरा मोठे, त्यामुळे मी वेळेआधीच पहिलीत गेलो, असं आई सांगायची. पुढे मी वर्गात पहिला यायचो ते हुशारीने की घाईघाईने, याचा उलगडा अजून झालेला नाही.

पुढे मी स्वतः गुरुजी झालो आणि तीच विद्या इमानाने चालवली. माझं अक्षर असं, की लिहिलेली तारीख खरीच जन्मल्यासारखी दिसे. आज १ जुलैला फेसबुक उघडावं तर अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस निघतो, आणि त्यातले निदान पन्नास तरी माझ्या हातचे. मी प्रत्येकाला मनापासून शुभेच्छा देतो. सुईणीला वाटावी तशी माया वाटते.

या विद्येने माझा सूडही घेतला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. मी ३० जून २०१६ ला घरी बसलो. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला. वर्षभर राबलो आणि एका रात्रीने हुकलो. अशा लोकांना ती वाढ मिळायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये एका खटल्यात म्हटलं. ते कात्रण मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं आहे. सध्या कात्रणच जपतो आहे. गुरुजींनी त्या दिवशी २ जुलै लिहिली असती, तर त्यांचं काय जात होतं?

असो. दोन दिवसांचं चाललं होतं.

मुलाने कागदांची यादी वाचली. जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, राहत्या पत्त्यासाठी विजेचं बिल. कांजण्यांचीही लस लागते म्हणे. आमच्याकडे कांजण्या निघाल्या की अंथरुणावर कडुनिंबाचा पाला टाकतात आणि माता आली म्हणून घरात फोडणी देत नाहीत. मी विचारलं, "जातीचा दाखला?" नाही. "वडिलांची टीसी?" नाही. "आज्याची?" तो हसला. म्हणाला, "बाबा, ज्यांच्या आईबापांकडे देशात राहायचेच कागद नाहीत, त्यांच्या पोरांनाही इथे सरकारी शाळेतून परत पाठवता येत नाही. इथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, टेक्ससच्याच खटल्यातला. जून १९८२." त्याच वर्षी ऑगस्टात आमचा गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला होता.

मी फोनवर 'हं हं' करत राहिलो, आणि डोळ्यांपुढे भलताच पोरगा आला.

निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. बारावी पास, पायात रबरी चप्पल, हातात पॉलिथिनची पिशवी. नागपूरला प्रवेश घ्यायचा होता आणि जमातीच्या पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा कागद हवा होता. आम्ही दाखलखारीजचे बस्ते सोडले. तांबड्या फडक्यातून वाळवीची माती गळाली. दोघं दुपारभर बोट फिरवत बसलो. पणजाचं नाव सापडेना, कारण पणजा शाळेत गेलाच नव्हता. तो शाळेत गेला नाही, याची शिक्षा आता पणतू भोगत होता. त्याच्या टोल्यावरून नागपूर हे डॅलसइतकंच परदेश. मी शेकड्यांनी वाढदिवस वाटलेला माणूस. त्याला एक पणजा देता आला नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, तेव्हा त्याला चहा पाजला. तिसऱ्यांदा आला नाही. मीही चौकशी केली नाही.

तर नातवाची सोय निघाली ती अशी. किंडरगार्टनच्या आधी प्री-के नावाचा वर्ग असतो. तो सगळ्यांना फुकट नाही. पण ज्या पोराला इंग्रजी बोलता-समजता येत नाही, त्याला फुकट. आणि मी तर तीन महिने रोज फोनवरून त्याला इंग्रजीच शिकवत होतो! आधी 'धिस इज अ काऊ', मग रंग, मग वार.

"परीक्षा होईपर्यंत शिकवणी बंद ठेवा," मुलगा म्हणाला.

"मी शिकवलेलं असं विसरत नसतं कोणी," मी म्हणालो.

माझी शिकवणी संपली की बायको फोन घ्यायची. "जेवला का रे बाबू? काय खाल्ला?" आई-बाप पुण्यात नोकरीला, म्हणून पोरगा तिसऱ्या वर्षापर्यंत आमच्याकडेच वाढलेला, दोघांचं अर्धा तास चालायचं. शाळेच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असा रकाना होता. मी म्हणालो, "मराठी लिही." बायको मागून म्हणाली, "झाडी लिही. मराठी तर तुमी शाळेतच बोलता."

परीक्षेला बाईंनी चित्रं दाखवली. गाय दाखवली, हा म्हणाला, "गाय." शाळा दाखवली, म्हणाला, "शारा." झाडीबोलीत ळ नसतो. त्याला तो डॅलसलाही सापडला नव्हता. बाईंनी तिसरं काहीतरी विचारलं, तर म्हणे, "मले घरी जाचा हाये."

दोन दिवसांनी पत्र आलं. प्रवेश मंजूर, मुलाला इंग्रजी अजिबात येत नाही. छत्तीस वर्षांच्या सेवेत माझ्या इंग्रजी अध्यापनावर इतका स्पष्ट शेरा एकाही विस्तार अधिकाऱ्याने मारला नव्हता. बायकोने गल्लीत जिलेबी वाटली. "आजीच्या शिकवणीची," असं प्रत्येक दारात सांगून वाटली.

३ सप्टेंबरला वर्गात त्याचा वाढदिवस झाला. डोक्यावरचा कागदी मुकुट न काढताच त्याने फोन केला.

"आबाजी, तुमचा बड्डे कधी असते?"

"१ जुलै."

"खोटं नोका सांगू लेकराले," बायको म्हणाली.

"मग खरा कधी?"

मी जरा थांबलो. "माझी माय सांगे, धान कापून खळ्यावर आला होता, अन् गावात रातभर दंडार चालू होती."

तो थोडा वेळ गप्प बसला. मुकुट एका कानावर सरकला होता.

"ते किती तारखेले असते?"