लोणच्याच्या पिंपातला सामुराई

प्रस्तुत लेखक सामुराई झाला तो लोणच्याच्या पिंपामुळे. अमेरिकेत काकडीचं लोणचं ज्या जाड, निळ्या प्लास्टिकच्या पिंपांतून हॉटेलांना पोचतं, ती रिकामी झाली की स्वस्तात विकली जातात आणि मध्ययुगाचं वेड लागलेले लोक ती चिलखतासाठी उचलतात. असे लोक थोडेथोडके नाहीत. 1966 साली बर्कलीत सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’चे सभासद जुन्या काळातला एखादा वीर स्वतःसाठी पसंत करतात आणि सुट्टीच्या दिवशी वेताच्या तलवारींनी एकमेकांना मनसोक्त बडवतात. वेत लागतो. म्हणून चिलखत.

सामुराईच का, याचं चारचौघांत सांगायचं कारण म्हणजे जपानी कारागिरीबद्दलचा आदर. खरं कारण पोट. ओ-योरोई हे हेइआन काळातल्या घोडेस्वार धनुर्धरांचं चिलखत. चौकोनी, पेटीसारखं, सुमारे 30 किलोचं. त्याच्या आत माणूस नेमका कुठे संपतो ते शत्रूला कळत नाही, आणि सासुरवाडीलाही कळत नाही.

कृती सांगायला सोपी. पिंप उभं कापायचं, ऊब देऊन सपाट करायचं, त्याच्या बोटभर लांबीच्या अरुंद पट्ट्या पाडायच्या. हे झाले खवले, जपानीत कोझाने. अस्सल खवला लोखंडाचा किंवा कच्च्या चामड्याचा असे. प्रत्येकाला दोन उभ्या रांगांत मिळून तेरा-चौदा भोकं. एक खवला शेजारच्यावर निम्मा चढवायचा, म्हणजे सगळीकडे दुहेरी जाडी. आडवी ओळ बांधून झाली की अशा ओळी एकीखाली एक दोरीने लोंबकळत्या ओवायच्या. पुऱ्या चिलखताला हजाराच्या वर खवले सहज लागतात. भोकांची गिनती वाचकाने करावी; लेखकाने ती मुद्दामच केली नाही. ड्रिलचा निळा कीस मात्र गालिच्यातून, मुलाच्या दप्तरातून आणि एकदा आमटीतून निघाला.

एका जाणत्याने सल्ला दिला, ‘‘एवढे खवले कशाला? लांब पट्टी घे, वरची कड दातेरी काप, लांबून कोण बघतंय!’’ ही लबाडी जपानी लोहारांनीही केली होती. पट्टीवर नुसता खवल्यांचा भास उठवायचा. तिला किरित्सुके म्हणतात. लेखक संतापला. प्लास्टिक चालेल, पण खवले खोटे? छे! नकली मालात अस्सलपणा राखायची ही हौस त्याला महाग पडली.

मग आला रंग. या पिंपांच्या प्लास्टिकला रंग धरत नाही, गोंदही धरत नाही. सँडपेपरने घासा, ज्योत फिरवा, तरी आठवड्याभरात पापुद्रे निघतातच. जपानी लोक खवल्यांना उरुशीच्या झाडाचा चीक लावत. तो वाळायला कोरडी नाही, दमट हवा लागते. चिकातलं विकर ओलाव्याशिवाय कामच करत नाही, म्हणून कारागीर लाखकाम दमट कपाटात ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात लेखक कोकणातला श्रावण आठवून हळहळला. तिथे चामड्याच्या चपलेला फुकटात बुरशी येते, आणि इथे विकत घेऊनही ओलावा मिळेना! शिवाय हा चीक अंगावर उततो. उरुशीचं झाड बिब्याच्या कुळातलं. काजू आणि आंबा हेही त्याच गोतातले. ज्याने बिब्याची खूण केलेला परीटघडीचा सदरा घातलाय, ज्याच्या ओठांना कैरीचा चीक लागलाय किंवा ज्याने काजूची ओली बी फोडताना बोटं सोलून घेतलीत, त्याने सामुराईंच्या लाखकामाची प्रास्ताविक परीक्षा दिलीच म्हणायची. रत्नागिरीच्या माणसाला जपानी चिलखत जवळचं वाटावं यात नवल ते काय, असा सिद्धान्त लेखकाने त्या काळात बऱ्याच जणांना ऐकवला. बायकोने तिसऱ्यांदा ऐकल्यावर विचारलं, ‘‘मग लावणार आहेस का तो चीक?’’ नाही. खवले निळेच राहिले. लेखक त्या रंगाला ‘नीळ’ म्हणतो.

ओवण्याबद्दल साकाकिबारा कोझान या जाणकाराने 1800 च्या सुमारास तक्रारी लिहून ठेवल्यात. दाट दोरीकाम भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही, हिवाळ्यात गारठवतं. त्यात चिखल बसतो. आणि लांबच्या मोहिमेवर त्याला घाण वास सुटून उवा-मुंग्या होतात. लेखकाच्या चिलखतात उवा नाहीत. पण ते उन्हात तापलं की शिरका आणि शेपूचा वास मारतं. रणांगणावर शत्रूला भूक लागते.

त्याच सुमाराला नाना, म्हणजे लेखकाचे वडील, सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले. त्यांना गाडी येत नाही. फुटपाथवर माणूस नाही. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. दुपारभर ते खिडकीशी बसून टपालाच्या गाडीची वाट बघत. पत्र तर त्यांना येणार नव्हतं. लेखकाला हे दिसत होतं, आणि संध्याकाळी घरी आला की तो सरळ गॅरेजमध्ये खवल्यांकडे जात होता.

एका रात्री नाना तिथे आले. लोंबकळती ओळ हातात घेऊन म्हणाले, ‘‘हे कोणी ओवलंय?’’

‘‘मी.’’

‘‘वाटलंच.’’

नानांनी मिरजेच्या वाड्यात नवारीचे पलंग विणले होते. ‘‘एकेक वेढा आवळत गेलास की ताण कमी-जास्त पडतो. आधी सगळी ओळ सैल घाल, मग एका टोकाकडून आवळत ये,’’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी लेखक परतला तर ओळ तयार. नायलॉनच्या दोरीची टोकं मेणबत्तीवर भाजून, थुंकी लावलेल्या बोटांनी चिमटून चपटी केलेली. त्यानंतर टपालाच्या गाडीकडे त्यांचं लक्ष नसे. आज लोक त्या सरळ ओळींचं कौतुक करतात तेव्हा लेखक विनयाने मान लववतो, आणि नानांचं नाव सांगायला जरा उशीर करतो.

गणपतीच्या मिरवणुकीत चिलखत घातल्यावर एका काकांनी ‘‘शोभतोस हं, तानाजी!’’ म्हणून पाठ थोपटली. दुसऱ्याने बाहुबली म्हटलं. लेखक दोन दिवस धुमसत होता. मग त्याने वाचलं की 1613 साली शोगुन तोकुगावा हिदेतादाने इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला कॅप्टन जॉन सॅरिसच्या हाती नाराच्या कारागिराचं चिलखत भेट पाठवलं, आणि पुढे लंडन टॉवरमध्ये ते चक्क मोगल बादशहाची भेट म्हणून खपलं. टॉवरच्या रखवालदारांची ही गत, तर काकांना काय बोलणार?

तोक्योतल्या मुसाशी-मिताके देवस्थानात लाल रेशमाने ओवलेलं ओ-योरोई आहे. ते 1191 साली हाताकेयामा शिगेतादाने अर्पण केल्याचं सांगतात. मेइजी काळात दुरुस्ती करताना त्यात रासायनिक रंगाची दोरी घातली. ती आता फिकी पडलीय. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेली जुनी दोरी अजून लाल आहे.

तेव्हा करून पाहणाऱ्यांना सांगणं एवढंच, की सगळी दोरी एकाच खेपेची, आणि लागेल त्याहून जास्त घेऊन ठेवा. विणणाऱ्याचं परतीचं तिकीट कधीचं आहे तेही आधी बघा. लेखकाच्या चिलखताला पाठीच्या खालच्या दोन ओळी अजून नाहीत, आणि वेत नेमका तिथेच लागतो.