परसातली शिकवणी

पोराला चार गोष्टी कळाव्यात म्हणून लोक पांढुर्ण्याला शिकवणी लावतात. आमच्या तिगावच्या घरी ती परसातच चालते. फी मूठभर ज्वारी.

पहिला विषय धीर. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की एकवीस दिवस मुक्काम. दाण्यापाण्यापुरती उठते, चोचीनं अंडी उलटीपालटी करते, पुन्हा बसते. पुतण्या रोज विचारी, "आजी, आज निघतीन का पिल्लं?"

"घाई तुले आहे बाप्पा, तिले नाही."

आठवड्यानं आजीनं अंधारात एकेक अंडं टॉर्चवर धरलं. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं. नुसतंच उजळलं तर ते कोरं, बाजूला काढायचं. त्या रात्री पठ्ठ्यानं आधी संत्रं तपासलं, मग स्वतःचा तळहात, आणि शेवटी थोरल्या भावाच्या कानाला टॉर्च लावून जाहीर केलं, "कोरं!"

दुसरा विषय समाजशास्त्र. नॉर्वेच्या थॉरलाइफ शेल्डरुप-एब्बेला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवून त्यानं कोंबड्यांतली उतरंड शोधली आणि 1921 साली ती मांडली. आमच्या संशोधकानं वहीबिही घेतली नाही. दाणे टाकले की पहिली चोच कोणाची, एवढं पाहिलं आणि जेवताना निष्कर्ष सांगितला: "आजी आईले टोचते, आई काकूले, काकू मले."

"आणि बाबा?"

"ते नुसते आरवतात."

भाऊ ताटावरून उठला नाही, हा त्याचा मोठेपणा. वहिनीला मात्र ठसका लागला.

तिसरा विषय पोरं आपली आपणच शिकतात: पाहुणा आला की कोंबडा जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक. ती पाहायला मामा येतो. श्रावण नुकताच सुटलेला, म्हणजे मामाचं लक्ष नदीपेक्षा चुलीकडे जास्त. यंदा पुतण्यानं आदल्या रात्रीच आपला काळा कोंबडा शेजारच्या खुराड्यात नेऊन कोंडला. लेकराची माया पाहून आजीनं डोळे पुसले.

पहाटे कोंबडा आरवलाच. मामा खाटेवर उठून बसला. "शेजाऱ्याचा कोंबडा दमदार दिसून राहिला. इकते का, विचार बरं."

झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ज्ञान पोरानं कुठून मिळवलं देव जाणे. तो म्हणाला, "विचारतो. पण काळा आहे, मामा. कडकनाथाचा भाव पडंन."